अस्वलखांबाची सुटका

मित्रांनो, माझ्या अंगाला तेलाचा वास येत असेल तर नाक मुरडू नका. कालच मला जवसाचे तेल पाजले आहे, त्यामुळे आज मी खुशीत आहे, आणि म्हातारे खुशीत आले की गोष्टी सांगतात. मी लाकडी अस्वलखांब आहे. सत्तरीला टेकलो आहे. आता मी जेमतेम माणसाच्या खांद्याएवढा दिसतो, पण पूर्वी दीड पुरुष उंच होतो. माझे पाय कुठे गेले, आणि ते गेल्यावर मला हायसे का वाटले, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

ज्या गावात मी उभा राहिलो, तिथे तेव्हा घरोघरी आपापला एक राखणदार प्राणी असे. बेकरीवाल्याच्या छपरावर बगळा होता, जोडे शिवणाऱ्याच्या दारावर कासव होते, आणि नळ दुरुस्त करणाऱ्याकडे चक्क बेडूक होता. त्या त्या घरातली माणसे स्वतःला त्या प्राण्याची माणसे म्हणवून घेत. माझे घर अस्वलाचे होते. त्यामागे खरोखरीची घडलेली गोष्ट होती.

हे माझे घर म्हणजे कपडे धुण्याचा एक मोठा कारखाना होता. सगळे त्याला धुलाईघर म्हणत. तो उभा केला एका बाईने. पुढे सगळे तिला थोरल्या आई म्हणू लागले. थोरल्या आई सात वर्षांच्या असताना जंगलात हरवल्या होत्या. दोन रात्री त्या एका खडकाच्या कपारीत बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पिलांची एक अस्वलीण आली. तिने या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत हुंगले आणि ती पुढे चालू लागली. मुलगी तिच्या मागे मागे, जरा अंतर राखून चालत राहिली. अस्वलीण झुडपावरची जी फळे खाई, ती मुलगी खाई. दुपारपर्यंत ती ओढ्यापाशी पोहोचली आणि शोधायला निघालेल्या माणसांना सापडली. "तिनं मला आपलं मानून सोडलं," असे थोरल्या आई जन्मभर सांगत आल्या.

धुलाईघराची पक्की इमारत झाली, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कोरीवकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावले. कामाला लागण्याआधी तो लाकडावर टकटक करून कान लावत असे, म्हणून सगळे त्याला टकटकबुवा म्हणत. देवदाराचा एक ओंडका त्याने असाच ठोकून पाहिला आणि म्हणाला, "आत आहे अस्वल. काढतो बाहेर."

थोरल्या आई रोज समोर स्टूल घेऊन बसत आणि सूचना देत.

"दात दाखवू नका हं. ती माझ्यावर गुरगुरली नव्हती."

"बाई, दात नसले तर लोक म्हणतील, बुवानं कुत्रा कोरलाय."

"म्हणू देत. तोंड मिटलेलंच हवं. ऐकणाऱ्याचं तोंड मिटलेलं असतं."

अशा रीतीने मी मिटलेल्या तोंडाचे, दोन पायांवर उभे असलेले अस्वल झालो. मला फाटकाच्या आत, डाव्या हाताला जमिनीत रोवले. टकटकबुवाने जाताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि बजावले, "वर्षातून एकदा तेल पाजा याला. लाकूड आहे, विसरू नका."

मित्रांनो, खरे सांगू का? मी कुणाचे रक्षण केले नाही. मी लाकूड होतो आणि जागेवर उभा होतो. पण माझ्यापुढे आल्यावर माणसे खरे बोलत. त्या घराची तशी रीतच होती. भांडण झाले की दोघांनी माझ्या पंज्यावर हात ठेवायचा आणि घडले ते सांगायचे. इस्त्री करणारी मावशी भर दुपारी येऊन माझ्या पोटाला टेकून सासूची गाऱ्हाणी सांगे आणि हलकी होऊन जाई. घरात मूल जन्मले की त्याचा तळहात माझ्या पंज्याला टेकवत. थोरल्या आईंची दोन्ही मुले माझ्या अंगाखांद्यावर खेळून मोठी झाली. थोरला तापट आणि बोलका होता. धाकटा हसरा होता आणि माकडासारखा चढणारा होता.

दरवर्षी मला तेल पाजायचे काम या दोघा भावांकडे होते. थोरला खाली शिडी धरे आणि धाकटा वर चढून माझे कान, डोळे, मान चोळून काढी. "गुदगुल्या होतात का रे?" असे तो विचारी. होत होत्या. पण तोंड मिटलेले!

धाकटा बावीस वर्षांचा असताना असाच तेलाचा दिवस होता. तो वर चढून माझ्या डाव्या कानाशी पोहोचला होता. एवढ्यात फाटकातून एक हॉटेलवाला आत आला. त्याच्या हातात टेबलावर घालायचे कापड होते. धुलाईत ते आटले, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. थोरल्याचे डोके भडकले.

"आमच्याकडे कापड आटत नाही! तुमचं टेबल वाढलं असेल!"

हे म्हणताना तो वळला. बोट नाचवायला हात लागतो. त्याने शिडी सोडली. फरशीवर तेल सांडलेले होतेच. शिडी घसरली आणि धाकटा खाली आला. त्याच्या उजव्या पायाचा जो आवाज झाला तो मी अजून विसरलेलो नाही.

थोरल्या आई धावत आल्या. मुलाला मांडीवर घेऊन त्यांनी वर माझ्याकडे पाहिले आणि रडत म्हणाल्या, "काय चुकलं रे आमचं? नको होतं का तुला त्याचं चढणं?"

थोरल्याने तोंड उघडले. माझ्याकडे पाहिले. मग तोंड मिटले. तुम्ही म्हणाल, तो दुष्ट होता. नाही हो. तो पंचवीस वर्षांचा होता आणि भयंकर घाबरला होता, आणि त्याच्या आईने त्याला एक सोपी वाट दाखवली होती. तो त्या वाटेने गेला, एवढेच. पण तिथून परत येता येईना.

धाकट्याचा पाय जुळला, पण आखूड राहिला. काठी टेकत तो पहिल्यांदा घराबाहेर पडला, तेव्हा माझ्यासमोर आला. "मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?" असे त्याने विचारले. माझ्याकडून उत्तर येण्याची त्याने थोडा वेळ वाटही पाहिली. मग तो मागच्या गल्लीने आत गेला. त्या दिवसापासून तो माझ्यासमोरून कधी गेला नाही. आपल्या घराच्या प्राण्यानेच आपल्याला झिडकारले, असे त्याच्या मनाने घेतले. धुलाईघराच्या मागच्या खोलीत बसून तो कपड्यांवरच्या खुणा जुळवू लागला आणि फाटक्या चादरी रफू करू लागला. त्याने लग्न केले नाही. हसणेही कमी झाले.

आणि थोरल्याने काय केले? त्याने माझ्याभोवती लोखंडी साखळी लावली. "याला कुणी हात लावायचा नाही," असा नियम केला. थोरल्या आई गेल्यावर तो नियम आणखी कडक झाला. आता तेल नाही, पंज्यावर हात नाही, गाऱ्हाणी नाहीत. लोक साखळीबाहेरून हात जोडत. दुसऱ्या आळीतली माणसे मला पाहायला येत आणि कुजबुजत, "फार जागृत आहे हो." जागा होतो हे खरेच, झोप कुणाला येणार होती! थोरला रोज सकाळी माझ्यापुढे वाके, पण खाली मान घालून. मानाचा कहर झाला होता, मित्रांनो. आणि मी कुजू लागलो होतो.

धुलाईघराची साबणाच्या पाण्याची मोरी माझ्या पायाशेजारून जात होती. ती कधीतरी फुटली. पाणी झिरपत राहिले. देवदार सहसा दाद देत नाही, पण वर्षानुवर्षे ओल्यात उभा राहिलेला देवदार किती टिकणार? आधी माझे तळवे मऊ पडले, मग पिंढऱ्या. मग आत किडे आले. बाहेरून माझा रुबाब तोच होता. आतून मी गुडघ्यापर्यंत भुसा झालो होतो. मला स्वतःची काळजी नव्हती. लाकडाचे काय, कधीतरी जायचेच. पण फाटकासमोर शाळेची बस थांबे. पोरे तिथे उतरत. मी पडलो तर त्यांच्यावर पडणार, हे मला दिसत होते. राखणदार म्हणून उभा केलेला मी एखाद्या पोराचे डोके फोडणार, या विचाराने वारा सुटला की माझ्या अंगावर काटा उभा राही.

अशी पंचेचाळीस वर्षे गेली. दोघे भाऊ म्हातारे झाले. थोरल्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. धुलाईघर आता त्यांची सून चालवत होती. तिची मुलगी आठ वर्षांची होती. जिथे चढू नये तिथे चढायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. एके दिवशी ती साखळीखालून आत शिरली आणि माझ्या पायात तिने पेन्सिल खुपसली. पेन्सिल सगळी आत गेली.

तिने आजोबांना सांगितले. थोरले आजोबा संतापले. "त्याच्या अंगात काही खुपसायचं नाही! पुन्हा आत गेलीस तर बघ!"

मग ती मागच्या खोलीत धाकट्या आजोबांकडे गेली. हे मला तिनेच नंतर सांगितले.

"धाकटे आजोबा, अस्वल आतून मऊ झालंय."

"मला नको सांगूस बाळ. त्याचं नि माझं पटत नाही."

तिने आईला सांगितले. सूनबाई येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या पायाशी जमीन उकललेली तिला दिसली. संध्याकाळी तिने सासऱ्यांजवळ विषय काढला.

"बाबा, एकदा सुतार बोलावू या. खालून गेलाय तो."

"सूनबाई, ते अस्वल माझ्या आईचं आहे. त्याला हत्यार लावलेलं मी चालवून घेणार नाही."

"पोरं उतरतात हो समोर."

"इतक्या वर्षांत पडला का तो?" असे म्हणून ते उठून गेले.

त्यानंतर आठवड्याभराने तो दिवस आला. सकाळपासून कोरडा, झोडपणारा वारा सुटला होता. गच्चीवर इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास एक चादर चिमट्यातून सुटली, भेलकांडत खाली आली आणि बरोबर माझ्या गळ्याला गुंडाळली. वाऱ्याने ती शिडासारखी फुगली. मला खाली कुठेतरी करकर ऐकू आली. मी झुकलो. थोडासाच झुकलो, पण रस्त्याच्या बाजूला. आणि कोपऱ्यावर शाळेची बस वळत होती.

खारूताई त्या दिवशी बसमधून सगळ्यात आधी उतरली. चादर पाहून ती फाटकातून धावत आली, साखळीखालून आत घुसली आणि चादरीचे टोक धरून ओढू लागली. मी आणखी झुकलो. मित्रांनो, मला ओरडायचे होते. तेवढ्या एकाच वेळी मला माझ्या मिटलेल्या तोंडाचा राग आला.

मागच्या खोलीच्या आतल्या खिडकीतून, पुढच्या उघड्या दारापलीकडे धाकट्या आजोबांना हे दिसले. गल्लीचा फेरा घ्यायला वेळ नव्हता. ते सरळ धुलाईघरातून, इस्त्रीच्या टेबलांमधून वाट काढत पुढच्या दाराने बाहेर आले. काठी त्यांनी मध्येच टाकून दिली होती. लंगडत, धापा टाकत ते आले आणि झुकत्या बाजूने माझ्याखाली खांदा दिला.

"सूनबाई! पोरीला ओढ! आणि गाडी आण, दोऱ्या आण!"

सूनबाईने मुलीला कमरेला धरून उचलले आणि ती कपडे पोहोचवायच्या गाडीकडे पळाली. बसच्या ड्रायव्हरने बस पन्नास पावले मागे घेतली. इतक्यात थोरले आजोबा धावत आले आणि साखळीपाशी थबकले.

"हात लावायचा ना..." सवयीने त्यांच्या तोंडून निघाले.

"दादा, पडतोय तो! धर!"

थोरले साखळी ओलांडताना तिच्यातच अडखळले, धडपडले, आणि भावाशेजारी खांदा लावून उभे राहिले. दोघांचे मिळून एकशेसदतीस वर्षांचे वय, तीन धड पाय आणि वर मी. पण त्यांनी मला धरले. इस्त्रीवाल्या बायका मागून चादर सोडवायला धडपडत होत्या.

"पाय दुखतोय का तुझा?" थोरल्यांनी विचारले.

"पायाचं सोड. तू नीट धर."

थोरल्यांचा गाल माझ्या छातीला टेकला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या एवढ्या जवळ आले होते. 

"मी सोडली होती," ते म्हणाले.

"काय?"

"शिडी. त्या हॉटेलवाल्याशी भांडायला वळलो आणि हात सोडले. अस्वलानं नाही पाडलं तुला. मी पाडलं."

 चादर फडफडत होती. धाकट्यांच्या खांद्याचे हाड मला टोचत होते, पण ते तसूभर हलले नाहीत.

"पंचेचाळीस वर्षं मी मागच्या दारानं येतोय, दादा."

"माहीत आहे."

"मला वाटायचं, मी या घराचा नाहीच. यानंच नको म्हटलं मला."

"माहीत आहे रे. रोज बघायचो मी." थोरले रडत होते. डोळे पुसायला त्यांनी एक हात काढला.

"डोळे नंतर पूस," धाकटे म्हणाले. "आता सोडू नकोस."

त्यांनी सोडले नाही. सूनबाई गाडी उलटी घेत आली. गठ्ठे बांधायचे रुंद पट्टे आणि वाळवणाच्या दोऱ्या तिने माझ्या मानेला आणि कमरेला बांधल्या, गाडीला अडकवल्या आणि गाडी हळूहळू पुढे घेऊन मला ताणून धरले. एका इस्त्रीवालीने आत जाऊन इस्त्रीचे एक जड टेबल आणवले आणि माझ्याखाली टेकू दिला. दोघे भाऊ बाजूला झाले आणि तिथेच फरशीवर बसकण मारून धापा टाकू लागले. पोरे घरी गेली. एकाच्याही केसाला धक्का लागला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. वारा पडला होता. मला आडवे केले, तेव्हा पहिल्यांदा मी आकाश पाहिले. तोपर्यंत मला फक्त फाटक आणि समोरचा रस्ता ठाऊक होता. सुताराने करवत चालवली. मांडीच्या खालचा भाग सुटला आणि त्यातून चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा बाहेर पडला.

"अजून एक वाऱ्याचा दिवस निघाला नसता," सुतार म्हणाला. "वर मात्र खणखणीत आहे. पुष्कळ वर्षं काढील."

"दुखलं का त्याला?" खारूताईने विचारले.

"किडलेला दात काढल्यावर तुला कसं वाटलं होतं?"

"हुश्श वाटलं होतं."

मलाही अगदी तसेच वाटले.

धाकटे आजोबा माझ्याजवळ उकिडवे बसले. माझा डावा कान त्यांनी अंगठ्याने चोळला. "उगाच तुला दोष देत बसलो रे," असे ते हळूच म्हणाले. मित्रांनो, त्यांच्या तोंडचे ते वाक्य ऐकायला मी आणखी पंचेचाळीस वर्षे उभा राहिलो असतो.

आता तुम्हाला वाटेल, दोघा भावांनी लगेच गळ्यात गळा घातला. तसे झाले नाही. धाकटे तीन आठवडे थोरल्यांशी बोलले नाहीत. पुढच्या दाराने येत, थोरल्यांच्या समोरून जात, आणि बोलत नसत. थोरले मुकाट्याने सोसत. मग मला तेल पाजायचा दिवस ठरला. तेल फडक्याने लावायचे की ब्रशने, यावरून दोघांचे असे कडाक्याचे भांडण जुंपले की इस्त्रीवाल्या बायका काम टाकून बघायला आल्या. "तुला पहिल्यापासून काही कळत नाही!" "तुला तर शिडीसुद्धा धरता येत नाही!"  मग थोरले आजोबाच आधी हसले, आणि धाकटेही हसू लागले. सूनबाईने पदराने डोळे टिपले आणि सगळ्यांना कामाला पिटाळले.

आता मी पोर्चमध्ये, कोरड्या दगडी जोत्यावर बसवलेला आहे. साखळी भंगारात गेली. माझे कान आता पोरांच्याही हाताला येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला सगळे फार मान देतात. एखादी जुनी वस्तू असेल किंवा एखादे म्हातारे माणूसही असेल. त्यांच्याभोवती साखळी लावू नका. त्यांना हात लावा, तेल लावा, कुठे मऊ पडले आहे का ते दाबून बघा. आणि तुमच्या हातून काही सुटले असेल तर त्याच दिवशी सांगून टाका. आम्ही मिटल्या तोंडाचे लोक तुमच्या वतीने सांगू शकत नाही.

परवाचीच गोष्ट. कामावर नव्याने लागलेल्या एका बाईला जागा सापडेना, तेव्हा तिने आपला ओला टॉवेल माझ्या कानावर वाळत घातला. थोरले आजोबा ओरडायला म्हणून खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, सरळ डोळ्यात डोळे घालून पाहिले, आणि पुन्हा खाली बसले.

"असू दे," ते म्हणाले. "तिथं ऊन चांगलं येतं."